केमोचा आज कितवा दिवस? घरी सांभाळणाऱ्यांसाठी

केमो, म्हणजे कॅन्सरवरची केमोथेरपी, घेऊन घरी आलेल्या माणसाला सांभाळायचं तर सगळ्यात आधी दिवस मोजायला शिका. ज्या दिवशी औषध शरीरात गेलं तो पहिला दिवस. बऱ्याच केमो दर २१ दिवसांनी असतात, काही १४ दिवसांनी, काही दर आठवड्याला. अशा एका फेरीला सायकल म्हणतात. तिसऱ्या दिवशी मळमळतंय तर ते बहुतेक औषधामुळे. दहाव्या दिवशी नव्याने मळमळायला लागलं तर कारण वेगळं असू शकतं. चौथ्या दिवशी पेशंट दिवसभर झोपून राहिला तर समजण्यासारखं आहे, पण अकराव्या दिवशी दुपारी अचानक गळून गेला तर आधी थर्मामीटर लावायचा. घरातल्या प्रत्येकाला आजचा दिवस कितवा हे माहीत हवं. रात्री दोन वाजता हॉस्पिटलला फोन केलात की तिकडून पहिला प्रश्न तोच येतो.

एक खुलासा आधीच. इथलं बहुतेक सगळं केमोबद्दल आहे. इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध चेतवणारे उपचार) चालू असेल तर जुलाब, खोकला, धाप, अंगावर पुरळ यांवर घरगुती उपाय करत बसू नका. तिथे शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच अवयवांवर उलटलेली असू शकते आणि तिचे उपचार वेगळे असतात.

घरी निघण्यापूर्वी

वॉर्डमधून निघताना पाच गोष्टी लिहून घ्या, नुसत्या ऐकू नका: कोणती औषधं दिली त्यांची नावं, उलटीच्या गोळ्या कधी आणि किती दिवस, ताप किती आला की फोन करायचा, रात्रीचा आणि सुट्टीच्या दिवसाचा नंबर, आणि पुढची रक्ततपासणी कधी. रात्रीच्या नंबराकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. तो फ्रिजवर चिकटवा आणि घरातल्या दोन फोनमध्ये सेव्ह करा.

डिजिटल थर्मामीटर, मऊ ब्रश, वापरून टाकायचे हातमोजे आणि उलटीसाठी वेगळं भांडं घरात असू द्या. आणि एक वही. या वहीचं महत्त्व बऱ्याच जणांना दुसऱ्या सायकलपर्यंत पटत नाही. तिचं एक पान साधारण असं असतं:

दिवस ४. सकाळी ८, ताप ९८.२. गोळी ८.१०. उलटी एकदा, ११ वाजता, पाणी प्यायल्यावर. शौच नाही, आज दुसरा दिवस. पाणी ६ पेले. लघवी पिवळी, नेहमीसारखी. बोटांना मुंग्या, गार पाण्यात जास्त. रात्री झोप नाही.

एवढ्या सात-आठ ओळींतून डॉक्टरांना अर्ध्या मिनिटात कळतं की उलटीचं औषध बदलायला हवं, शौच साफ होण्याचं औषध सुरू करायला हवं आणि नसांवर परिणाम व्हायला लागलाय. वही नसेल तर ओपीडीत पेशंट म्हणतो, "तसं बरं होतं," आणि पुढची सायकल जशीच्या तशी जाते.

पहिले दोन दिवस: औषध शरीरातून बाहेर पडताना

बहुतेक औषधांचा अंश साधारण ४८ तास लघवी, शौच आणि उलटीतून बाहेर पडतो, काहींचा आणखी काही दिवस. म्हणून उलटी किंवा लघवी साफ करताना हातमोजे घाला, मग साबणाने हात धुवा. पेशंटने कमोडवर बसूनच लघवी करावी, झाकण लावून दोनदा फ्लश करावं. खराब झालेल्या चादरी आणि कपडे वेगळे धुवा. गरोदर बाईने या दोन दिवसांत ही साफसफाई करू नये. बाकी जवळ बसणं, हात धरणं, एकत्र जेवणं, एका खोलीत झोपणं यात काहीही धोका नाही. लहान मुलांना लांब ठेवायचीही गरज नाही. हे स्पष्ट सांगायला हवं, कारण अशा भीतीपायी आजारी माणसाला उगाच एकटं पाडलं जातं.

डॉक्सोरुबिसिन दिलं असेल तर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. ते रक्त नसतं, औषधाचा रंग असतो. सायक्लोफॉस्फामाइड असेल तर पाणी भरपूर आणि लघवी तुंबवून ठेवायची नाही, रात्रीसुद्धा; औषध मूत्राशयात साचून राहिलं की आतलं अस्तर सोलवटतं.

मळमळ

मळमळ सुरू झाली की मग गोळी, ही सगळ्यात नेहमीची चूक. उलटीची गोळी पोटात टिकली तर काम करणार, आणि उलटी सुरू झाल्यावर ती टिकत नाही. म्हणून जितके दिवस लिहून दिली आहे तितके दिवस घड्याळ लावून द्या, बरं वाटत असलं तरी. सिसप्लॅटिनसारख्या औषधांची मळमळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जोर धरते, आणि पहिला दिवस सुखाचा गेला म्हणून नेमक्या तेव्हाच लोकांनी गोळ्या थांबवलेल्या असतात.

गोळ्यांमध्ये ओलांझापिन असेल आणि माहितीपत्रकात ते मानसिक आजाराचं औषध म्हणून दिसलं तर घाबरून बंद करू नका. कमी मात्रेत ते केमोच्या मळमळीवर फार चांगलं चालतं. त्याने झोप येते, म्हणून रात्री देतात. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सकाळी, खाल्ल्यावर द्या. उशिरा दिलं तर रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. मधुमेह असेल तर याने साखर चढते, तेव्हा त्या दिवसांत साखर जास्त वेळा तपासा.

खाण्याच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवा: केमोच्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस पेशंटचा आवडता पदार्थ करू नका. त्या चवीची आणि मळमळीची मनात गाठ बसते, आणि उपचार संपल्यावरही तो पदार्थ नकोसा वाटत राहतो. आवडीचं तिसऱ्या आठवड्यासाठी राखून ठेवा, तेव्हा भूक परत येते. दर दोन तासांनी थोडं थोडं द्या. ताट समोर आणण्यापूर्वी झाकण काढून वाफ जाऊ द्या, कारण गरम अन्नाचा वास जास्त येतो. चमच्याची धातूची चव लागत असेल तर लाकडी किंवा प्लास्टिकचा चमचा वापरा. जेवल्यावर तासभर आडवं होऊ नये.

चोवीस तासांत पाणीही पोटात ठरत नसेल, लघवी फार कमी आणि गडद होत असेल किंवा उभं राहिल्यावर चक्कर येत असेल तर सकाळची वाट बघू नका. सलाईन लागेल.

पोट

मळमळीकडे सगळ्यांचं लक्ष असतं, बद्धकोष्ठतेकडे कुणाचंच नाही. ऑन्डॅनसेट्रॉन या उलटीच्या औषधाने पोट बांधतं. त्यात मॉर्फिनसारखं दुखण्याचं औषध किंवा व्हिनक्रिस्टिनची केमो असेल तर आणखी. त्यातून पाणी कमी आणि दिवसभर पलंगावर. मग पाचव्या दिवशी पेशंट म्हणतो भूक नाही, मळमळतंय, आणि खरं कारण तुंबलेलं पोट असतं. डॉक्टरांना पहिल्याच दिवशी विचारून ठेवा की शौच साफ होण्याचं औषध कधीपासून सुरू करायचं. तीन दिवस शौच झालं नाही तर फोन. एनिमा किंवा गुदद्वारातून द्यायची औषधं मनाने देऊ नका. त्याच मार्गाने तापही मोजायचा नाही. तिथे लहानशी चीर पडली तरी, रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी असताना तेवढ्या वाटेने जंतू रक्तात जातात.

जुलाब होत असतील तर मोजा. नेहमीपेक्षा दिवसात चार किंवा जास्त वेळा जावं लागलं, रात्री उठावं लागलं, रक्त पडलं किंवा सोबत ताप असेल तर फोन करा. इरिनोटेकॅन, फाइव्ह-एफयू आणि कॅपेसिटाबिन या औषधांचे जुलाब एका दिवसात माणसाला कोरडा करू शकतात. कॅपेसिटाबिनच्या गोळ्या चालू असताना असे जुलाब लागले तर पुढची गोळी तशीच देऊ नका, आधी डॉक्टरांशी बोला. तोवर ओआरएस द्या. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ, घोट घोट. जुलाब थांबवणारी गोळी ताप किंवा रक्त असताना मनाने द्यायची नाही.

तोंड

तोंड साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान येतं. आल्यावर धावपळ करण्यापेक्षा पहिल्या दिवसापासून गुळण्या सुरू करा: एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात एक छोटा चमचा मीठ आणि एक छोटा चमचा खाण्याचा सोडा. बेकिंग पावडर नव्हे, तिचा उपयोग नाही. रोज ताजं करा, दिवसातून चार ते सहा वेळा, प्रत्येक जेवणानंतर आणि झोपताना. अल्कोहोल असलेला माउथवॉश चरचरतो आणि तोंड कोरडं करतो, तो बाजूला ठेवा. कवळी असेल तर रात्री काढायची, आणि तोंड आलं की जेवणापुरतीच घालायची. जिभेवर किंवा गालाच्या आत पांढरे चट्टे दिसले तर बहुधा बुरशी असते, तिला साधं औषध आहे. पाणी गिळताना डोळ्यांत पाणी येत असेल तर मात्र सहन करत बसू नका. सुन्न करणारं औषध मिळतं, ते जेवणाआधी लावायचं.

सातवा ते चौदावा दिवस: तापाचे दिवस

हे नीट वाचा. बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

केमो वेगाने वाढणाऱ्या पेशींवर घाव घालते, आणि हाडाच्या मगजातल्या रक्त तयार करणाऱ्या पेशी त्यातच मोडतात. बऱ्याच केमोंमध्ये पांढऱ्या पेशी सातव्या ते चौदाव्या दिवसांत सगळ्यात खाली जातात. त्यांतल्या न्यूट्रोफिल जंतूंशी लढतात. जखम लाल होणं, सुजणं, पू होणं हे सगळं याच पेशींमुळे होतं. त्या नसल्या की जंतुसंसर्ग असूनही बाहेर काहीच दिसत नाही. उरते एकच खूण, ताप. आणि काही तासांत रक्तदाब कोसळू शकतो.

रिपोर्टवरून न्यूट्रोफिलचा आकडा काढता येतो. एकूण पांढऱ्या पेशी १,८०० आणि न्यूट्रोफिल २५ टक्के असतील तर १,८०० चे २५ टक्के म्हणजे ४५०. दीड हजाराच्या वर ठीक, पाचशेच्या खाली धोका मोठा. नुसता एकूण काउंट बघून निर्धास्त होऊ नका.

ताप १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सियस, किंवा जास्त आला की फोन, दिवस असो वा रात्र. तुमच्या हॉस्पिटलने वेगळा आकडा दिला असेल तर तो पाळा. या दिवसांत सकाळ-संध्याकाळ मोजा, शिवाय कणकण वाटली की लगेच. गरम किंवा गार काही प्यायल्यावर पंधरा मिनिटं थांबून तोंडात मोजा. काखेतला आकडा कमी येतो, म्हणून तसा मोजला असेल तर फोनवर सांगा.

आता घरोघरी होणारी चूक. रात्री साडेनऊला पेशंट म्हणतो, "जरा कणकण आहे." हात कपाळावर जातो, पाठोपाठ पॅरासिटामॉल. ताप उतरतो, सगळे झोपतात, आणि आत जंतू वाढत राहतात. पहाटे चारला हुडहुडी भरते, तोवर रक्तदाब खाली. म्हणून आधी मोजा, मग फोन, आणि ते सांगतील तेव्हाच पॅरासिटामॉल. अंगदुखीसाठी ती गोळी द्यायची असेल तरी आधी ताप मोजून वहीत लिहा. स्टेरॉइड चालू असेल तर ताप मुळीच दिसणार नाही असंही होतं. तेव्हा हुडहुडी, धाप, असंबद्ध बोलणं, गार पडलेले हात-पाय, लघवी न होणं, यांतलं काहीही तापाइतकंच गंभीर धरा.

कॅज्युअल्टीत पोचलात की पहिलं वाक्य हे: "केमो चालू आहे, आज अकरावा दिवस, ताप १००.८." रांगेत बसू नका. अशा पेशंटला अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हायला हवं, आणि तिथल्या नव्या डॉक्टरला तुम्ही सांगितल्याशिवाय केमोचं कळणार नाही. फाइल, शेवटचा रक्ताचा रिपोर्ट आणि औषधांची यादी एका पिशवीत दाराजवळ तयार ठेवा. पोर्ट किंवा पिक लाइन (औषध देण्यासाठी शिरेत बसवलेली नळी) असेल तर तेही सांगा. लाइन फ्लश केल्यावर, म्हणजे नळी आतून धुतल्यावर, हुडहुडी भरली तर जंतू बहुधा लाइनमध्येच आहेत.

जंतू येतात कुठून? बहुतेक वेळा पेशंटच्या स्वतःच्या आतड्यातून, तोंडातून, कातडीवरून. त्यामुळे घरभर जंतुनाशक शिंपडण्यापेक्षा हात धुणं, तोंडाच्या गुळण्या, रोजची आंघोळ आणि शौचानंतरची स्वच्छता जास्त कामाची. सर्दी-खोकला असलेल्यांनी भेटायला येऊ नये. कुंड्यांची माती आणि पाळीव प्राण्यांची घाण दुसऱ्या कुणीतरी हाताळावी. अन्न नीट शिजलेलं, अंडं कच्चं नको, दोन तासांहून जास्त बाहेर राहिलेलं नको. फळं बंद करायची गरज सहसा नसते, स्वच्छ धुवून चालतात.

पेशी वाढवणारं इंजेक्शन दिलं असेल तर कंबर आणि मांडीची हाडं ठणकतात. मगज कामाला लागल्याची ती खूण असते. त्यावर काय घ्यायचं ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, याच सुमारास उतरतात. पायांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके किंवा न मार लागता काळे-निळे डाग दिसले तर कळवा. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन मनाने नको. नाकातून रक्त आलं तर डोकं मागे टाकू नका. पुढे वाकून बसवा आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं सलग दाबून धरा, मध्ये सोडून बघू नका. तरी थांबलं नाही तर निघा.

हळूहळू येणारे त्रास

केस गळायला साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरुवात होते. आधीच बारीक कापून घेतले तर उशीवर पुंजके बघण्याचा धक्का कमी बसतो, पण हा निर्णय पेशंटचाच.

नसांवरचा परिणाम मात्र लपून राहतो. पॅक्लिटॅक्सेल, ऑक्सॅलिप्लॅटिन, व्हिनक्रिस्टिन यांनी बोटं बधिर होतात. पेशंट सांगत नाही, कारण डोस कमी करतील अशी भीती असते. तेव्हा विचारू नका, बघा. शर्टाचं वरचं बटण लावताना बोटं काजाभोवती चाचपडतात का? चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही का? पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरायला लागलाय का? वहीत लिहा आणि पुढच्या सायकलआधी दाखवा. वेळेवर डोस कमी केला तर हे बरंचसं भरून येतं, उशीर झाला तर कायमचं राहू शकतं. ऑक्सॅलिप्लॅटिननंतर चार-पाच दिवस गार पाणी, बर्फ, फ्रिजमधल्या वस्तूंना हात लावणं टाळा. गार घोटाने घशात आवळल्यासारखं होतं आणि श्वास अडकल्याची भीती वाटते.

थकवा झोपून जात नाही. उलट दिवसभर पडून राहिलं की वाढतो. रोज दहा मिनिटं चालणं, ते पण बऱ्या वाटणाऱ्या वेळेला, आणि दुपारची झोप अर्ध्या तासाची, इतकं जमलं तरी फरक पडतो. थकवा फारच वाढला तर हिमोग्लोबिन तपासून घ्या.

दुखत असेल तर मॉर्फिनला घाबरू नका. दुखण्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेताना त्याचं व्यसन लागणं क्वचितच घडतं. ते वेळेवर द्या, एकदम बंद करू नका आणि सोबतचं शौचाचं औषध कधीच थांबवू नका.

कुणी जडीबुटी, काढे, पूरक गोळ्या सुचवल्या तर पाकीट डॉक्टरांना दाखवा. काही वनस्पती यकृतात केमोच्या औषधाची मात्रा वाढवतात किंवा घटवतात, आणि त्याचा भुर्दंड पेशंटला पडतो. गुपचूप देणं सगळ्यात वाईट, कारण यकृत बिघडलं तर डॉक्टर केमोला दोष देतील आणि चालणारं औषध बंद होईल.

नातेवाईक आणि मित्रांनी

"काही लागलं तर सांगा" या वाक्याने काम वाढतं. आता काय लागेल, कुणाकडे मागायचं, हे दमलेल्या माणसाने ठरवायचं? त्याऐवजी असं सांगा: "मंगळवारी रक्ततपासणीला मी नेतो, साडेसातला खाली गाडी घेऊन उभा असतो." किंवा "गुरुवारी रात्री मी तिथे झोपते, तू तुझ्या खोलीत झोप." दिवस, वेळ, काम. नाही म्हणाले तर राग धरू नका, पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारा.

भेटायला जाण्याआधी फोन करा आणि वीस मिनिटांत उठा. दुसऱ्या कुणाच्या कॅन्सरची गोष्ट सांगू नका, शेवट चांगला असला तरी. "एवढं तरी खा" असं वारंवार म्हटलं की ताट म्हणजे परीक्षा होते. शेजारी बसून स्वतः थोडं खा, त्याने जास्त जातं. "हिंमत ठेव, तू जिंकणारच" हे प्रेमाने म्हटलं जातं, पण ज्याला आज रडायचंय त्याला ते गप्प करतं. "मी यातून उठेन का?" असं त्याने विचारलं तर विषय बदलू नका. "आज हे मनात का आलं?" एवढं विचारून थांबा. पुढचं तो बोलतो, तुम्ही ऐका.

मुलांना आजाराचं नाव सांगा, आणि तो त्यांच्यामुळे झाला नाही, जवळ बसल्याने लागत नाही, हेही सांगा. न सांगितलं तरी बंद दारामागची कुजबुज त्यांना कळते, आणि मग मनात ती काहीही जुळवतात.

मुख्य सांभाळणाऱ्या माणसाला आठवड्यातून दोन रात्री सलग झोप मिळायला हवी. सायकल समोर ठेवून पाळ्या लावा: पहिले पाच दिवस आणि सातवा ते चौदावा दिवस घरात दुसरं माणूस हवंच, तिसऱ्या आठवड्यात मोकळीक. पाळी बदलताना तोंडी निरोप पुरत नाही. वही हातात द्या, आजचं पान दोघांनी मिळून वाचा, थर्मामीटर कुठे आहे आणि पुढची गोळी किती वाजता आहे ते दाखवा, आणि मगच झोपायला जा.